काठ्या वाटल्या नाहीत ते वर्ष

चिंचखार, ता. ६ मार्च १९३७

चि. बाळा यास भिकाजीमामाचे आशीर्वाद.

पत्र लिहायला फार उशीर झाला, राग धरू नकोस. तू निवडून आलास हे आम्हाला त्याच संध्याकाळी कळलं. रत्नागिरीहून येणाऱ्या होडीवाल्यांनी खाडीतूनच ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो, पण असेंब्लीच्या मेंबराला 'चि. बाळा' लिहावं की 'राजमान्य राजेश्री' लिहावं, यातच अडकलो. शेवटी तुझी मामी म्हणाली, "त्याचं शेंबडं नाक मी पुसलंय. राजेश्री कशाला? बाळाच लिवा." म्हणून लिहितो. चुकलं असेल तर कळव.

आता कामाचं. तू सुट्टीत इकडे यायचास, पण बांधाचं काम तू पाहिलेलं नाहीस. ते तुझ्या शाळेच्या दिवसांत यायचं. आपली खार म्हणजे वाडवडिलांनी खाडीच्या पोटातून काढलेली जमीन. तिच्यात आणि खाऱ्या पाण्यात एक मातीचा बांध तेवढा आहे. शिमग्याची पालखी देवळात परत गेली की गावकर म्हणून मी बांबूची काठी घेऊन बांध मोजतो आणि घरटी काठ्या वाटून देतो. ज्याच्या वाट्याला जेवढ्या काठ्या येतील तेवढा बांध त्याने चैत्रात चिखल घालून भरायचा. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो भाजून घट्ट होतो आणि पावसाळाभर टिकतो. असं माझ्या आज्यापासून चालू आहे.

यंदा उघाडीजवळ बांध फार खचलाय. उघाडी म्हणजे पावसाचं पाणी खाडीत सोडायचं लाकडी दार, आठवत असेल. खेकड्यांनी आत बिळं केली आहेत. मातीने आता भागायचं नाही, जांभ्या दगडाची भिंत हवी, आणि ती सरकारशिवाय होत नाही. मामलेदारांनी पूर्वी दोनदा अर्ज घेतला, पुढे काही झालं नाही. आता सरकार म्हणजे तूच.

मला सुचलंय ते असं. यंदा काठ्या वाटू नयेत. तुझा इंजिनिअर येईल तेव्हा बांध आहे तसा त्याला दिसू दे. वैद्याला दाखवायची जखम कोणी लिंपून दाखवतं का? पण मला भीतीही वाटते. रात्री भरतीचा आवाज आला की उठून बसतो. तू काय म्हणतोस?

तुला कुठलं खातं देणार? नासिर तांडेल म्हणतो महसूल घ्यावं. मला बांधकाम बरं वाटतं. विचारलं तर आधी दोन्ही माग, मग एक सोड.

भिकाजीमामा


मुंबई, ता. १२ मार्च १९३७

ती. मामांस बाळाचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून मामीला नमस्कार करावासा वाटला. मला चिरंजीवच ठेवा.

मामा, मेंबर झाला म्हणजे मंत्री झाला असं नसतं. आमच्या पक्षाचे जेवढे मेंबर निवडून आले, ते सगळे बसून आपला पुढारी निवडणार. तो पुढारी मुख्य प्रधान होणार आणि मंत्री कोणाला करायचं, कोणाला कुठलं खातं द्यायचं, हे तो ठरवणार. पुढारीपणासाठी दोन नावं आहेत. एक सुरतेकडचे शेठजी, दुसरे देशावरचे दाजीसाहेब. दाजीसाहेब मोठे आहेत, पण कोकण त्यांनी नकाशातच पाहिलं असावं. शेठजींनी मला जवळ बसवून विचारलं, "तुमच्या किनाऱ्याला काय हवं?" मी खारीचे बांध सांगितले. म्हणाले, कोकणातला एक माणूस महसुलाकडे घेऊच. अधिक लिहीत नाही. आपण समजून घ्याल.

तुमची कल्पना मला पटते. इंजिनिअर आला आणि बांध लिंपलेला दिसला, तर तो काय लिहिणार? 'गावकरी समर्थ आहेत' एवढंच. तेव्हा यंदा काठ्या वाटू नका. माझं पत्र येईपर्यंत थांबा. नवा कारभार एक एप्रिलला सुरू होतो. चैत्र संपायच्या आत माणूस पाठवतो.

आपला बाळा


चिंचखार, ता. ३ एप्रिल १९३७

चि. बाळा यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी सहाणेच्या चौथऱ्यावर पालखीसमोर सगळ्या गावाला वाचून दाखवलं. 'काठ्या वाटू नका' हे वाक्य लोकांनी दोनदा वाचायला लावलं. काही लोक खूश झाले. कोण नाही होणार? चैत्राच्या उन्हात कमरेइतक्या चिखलात उभं राहायचं काम टळलं. भंडारवाडीतल्या पोरांनी तर ढोलावर थाप मारली.

नासिर खूश नव्हता. पत्र संपल्यावर म्हणाला, "भिकूभाव, मंत्री येईल तेव्हा येईल. पुनवेचं उधाण त्याचं पत्र वाचून येणार नाय." मी म्हटलं, "तांडेला, तुझ्या शमीमला मुंबईत बाळाकडे पट्टेवाला करायचं कोण बोललं होतं?" तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "मग थांबूया बाबा. पट्टेवाल्याचा बाप म्हणून मी पण थांबतो." उघाडी सांभाळायचं काम त्याच्या घराकडे आहे, त्याने हो म्हटल्यावर बाकीचे बोलले नाहीत.

फक्त चिमा बोलली. तिचं शेत सगळ्यात खाली, बांधाला लागून. नवरा गेल्यापासून ती एकटी करते. म्हणाली, "मामानू, माझ्या वाटणीच्या काठ्या मला द्या. मी माझ्यापुरता भरतंय." मी तिला समजावलं की मधेच एवढा तुकडा भरलेला दिसला तर इंजिनिअरला संशय येईल. ती उठून गेली. तुझी मामी त्या दिवसापासून मला 'मंत्रीमामा' म्हणते. पाणी तापलं तरी 'मंत्रीमामा, पाणी तापलंय.'

कालच्या वर्तमानपत्रात मास्तरांनी वाचलं की दाजीसाहेब पुढारी निवडून आले. मतं हात वर करून घेतली म्हणे. आपल्या गावकीत मत घेत नाहीत. सगळे एका तोंडाने बोलेपर्यंत बसायचं, रात्र गेली तरी चालेल. हात वर केले की कोणाचा खाली राहिला ते जन्मभर दिसतं. तू हुशार आहेस, वेळेवर हात वर केलाच असशील. दाजीसाहेबांना आंब्याची पेटी पाठवू का? पायरी पाठवू की हापूस? देशावरच्या माणसाला हापूस सोसतो का?

इंजिनिअर कधी येणार ते लिही.

भिकाजीमामा


मुंबई, ता. १४ एप्रिल १९३७

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

पेटी पाठवू नका. त्याचा अर्थ भलताच होईल.

पुढाऱ्याची निवड एकमताने झाल्यासारखीच झाली. सगळे एक झाले आहेत. पण नवीनच पेच उभा राहिलाय. नव्या कायद्यात प्रांताचा कारभार मंत्र्यांच्या हाती दिलाय, पण गव्हर्नराला वाटेल तेव्हा त्यात मोडता घालता येतो. तो अधिकार वापरणार नाही असं वचन गव्हर्नराने दिल्याशिवाय आमचा पक्ष सत्ता घेणार नाही, असं वरून ठरलंय. तोवर दुसऱ्याच चार लोकांचं मंत्रिमंडळ खुर्च्यांवर बसलंय. त्यांच्यामागे मेंबर नाहीत. ते किती दिवस टिकतील सांगता येत नाही.

म्हणजे आम्ही जिंकलो आहोत आणि बाहेर बसलो आहोत. तत्त्वाचा प्रश्न आहे. थोडा धीर धरा. महिन्याभरात काहीतरी ठरेल असं इथे सगळे म्हणतात.

माझी प्रकृती ठीक आहे. मामींना नमस्कार.

आपला बाळा


चिंचखार, ता. १० मे १९३७

चि. बाळा यास आशीर्वाद.

तुझं पत्र मी यावेळी सहाणेवर वाचलं नाही. घरीच तीनदा वाचलं. तत्त्व म्हणजे काय ते मास्तरांनी समजावून सांगितलं. मला पटलंही. गव्हर्नराने वचन द्यायलाच हवं. पण आमच्या बांधाला कोणी वचन दिलेलं नाही.

चैत्र गेला. वैशाख आला. ऊन असं पडलंय की आता भरलेला चिखल एका दिवसात वाळेल. रोज सकाळी मी बांधावर जातो. उघाडीच्या बाजूला माझा अख्खा हात जाईल एवढं भगदाड आहे. मी त्यात गवताचा पेंढा कोंबला आणि मग भीती वाटली की इंजिनिअर विचारेल हा पेंढा कोणी कोंबला, म्हणून काढून टाकला. घरी येईपर्यंत वाटलं, राहू द्यायला हवा होता.

खुर्चीवर आत्ता जे बसलेत त्यांना सांगून बघशील का? माणसं कोणाची का असेनात, भिंत दगडाचीच होईल. नासिर म्हणतो, "तांडेल आजारी पडला तर होडी दुसरा हाकतो, खाडी विचारत नाय कोण हाकतोय." तुला यात कमीपणा वाटत असेल तर नको.

लोक विचारायला येतात. संध्याकाळी माझ्या ओटीवर बसतात. मी सांगतो, आज पत्र येईल, उद्या येईल. पुरुषमाणसं मुंबईच्या गिरण्यांतून सुट्टीवर आली आहेत, ती महिन्याअखेरची आगबोट धरून परत जातील. त्यांच्याशिवाय काठ्या वाटून उपयोग नाही. म्हणून एका शब्दात लिही. वाटू की नको? नुसतं हो किंवा नाही लिहिलंस तरी चालेल. मी समजेन.

भिकाजीमामा


मुंबई, ता. ४ जून १९३७

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

आपल्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण रोज वाटायचं उद्या चांगलं लिहिता येईल.

काठ्या वाटा. ताबडतोब वाटा. माझ्यावर विसंबून राहू नका.

आता खरं लिहितो. मी हात शेठजींसाठी वर केला होता. शेठजींच्या बाजूला आम्ही इतके थोडे होतो की दाजीसाहेबांनी प्रत्येकाकडे नीट पाहिलं. त्यानंतर मी त्यांना नमस्कार करतो तेव्हा ते माझ्यामागे कोण उभं आहे ते बघतात. पक्षाने उद्या सत्ता घेतली तरी माझं नाव कुठल्याच यादीत नाही. एप्रिलात हे मला माहीत होतं. तुम्ही ओटीवर बसून लोकांना काय सांगत असाल ते डोळ्यांपुढे यायचं आणि लेखणी थांबायची. खुर्चीवरच्या लोकांकडे जाणं मला शक्य नाही. गेलो तर पक्षातून बाहेर.

पाऊस लांबला तर अजून वेळ आहे.

आपला बाळा


चिंचखार, ता. १६ जुलै १९३७

चि. बाळा यास आशीर्वाद.

पाऊस लांबला नाही. तुझं पत्र आलं तेव्हा पोस्टमन छत्री मिटून ओटीवर चढला. आगबोटी बंद, गिरणीची माणसं केव्हाच गेलेली. तरी मी त्याच दिवशी काठी घेऊन निघालो. म्हातारे, बायका, मी आणि नासिर. पावसात भरलेला चिखल म्हणजे ताकात घातलेलं पीठ. सकाळी घातला की संध्याकाळी खाडीत. वरच्या भातशेतांची पेरणीही तेव्हाच आलेली. लोक बिचारे दोन ठिकाणी कुठे पुरणार?

ज्येष्ठी अवसेच्या उधाणाला बांध गेला. उघाडीजवळ नाही गेला, चिमाच्या शेतासमोर गेला. तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं. दिवसाउजेडी गेला. आवाज मोठा झाला नाही. म्हैस पाण्यात बसते तसा बांध खाली बसला आणि त्याच्यावरून पाणी आत आलं. नासिरने उघाडीचं दार सगळं वर ओढलं, ओहोटीला तरी पाणी बाहेर जावं म्हणून, पण दुसऱ्या भरतीला दार चौकटीसकट निघालं. चिमाने शेताच्या कडेला उभं राहून सगळं पाहिलं. ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मामानू, थंडी वाजेल, घरी जावा."

रोपं आठवडाभर हिरवी होती. मला वाटलं वाचली. मग टोकाकडून लाल झाली. खारीत मीठ उतरलं की तीन पावसाळे धुवावं लागतं, आणि तेही बांध असेल तर.

मास्तर म्हणतात, तुमच्या पक्षाने आता सत्ता घ्यायचं ठरवलंय. गव्हर्नराने वचन दिलं का? दिलं असेल तर चांगलं झालं. दाजीसाहेबांच्या मनातलं निघून जाईल. माणूस एकदा खुर्चीवर बसला की मोठ्या मनाचा होतो. तू रोज नमस्कार करत जा. त्यांनी पाहिलं नाही तरी करत जा.

भिकाजीमामा


मुंबई, ता. २८ ऑगस्ट १९३७

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

बांधाचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. पण आता लिहितोय ते शांतपणे वाचावं.

चिंचखारीचं प्रकरण इथवर आलंय. विरोधी बाजूच्या एका मेंबराने असेंब्लीत प्रश्न लावलाय की, एका सभासदाच्या सांगण्यावरून गावाने बांधाचं काम थांबवलं हे खरं काय? माझं नाव घेतलेलं नाही, पण घेतलं जाईल. दाजीसाहेबांनी मला बोलावलं. पहिल्यांदाच बसायला सांगितलं. म्हणाले, महसूलमंत्र्याच्या हाताखाली एक चिटणीस नेमायचाय, कोकणातला असावा असं माझ्या मनात आहे. पण हा डाग असलेला माणूस मी कसा नेमू?

मामा, मी त्या खात्यात गेलो तर भिंतीचा कागद माझ्याच टेबलावर येईल. नाही गेलो तर तो कोणाच्याच टेबलावर येणार नाही. म्हणून विनंती करतो. गावकर या नात्याने आपण लिहून द्यावं की यंदा काठ्या वाटायच्या नाहीत हा निर्णय गावाने आपल्या मनाने घेतला आणि तो मला नंतर कळला. खाली सही आणि मास्तरांची साक्ष. माझं मार्चचं पत्र असेल तर ते कोणाच्या हाती जाऊ नये.

हे मागताना मला काय वाटतं ते लिहिता येत नाही. आपण नाही म्हणालात तरी मी समजून घेईन. मात्र प्रश्नाचं उत्तर पंधरवड्यात द्यायचंय.

आपला बाळा


चिंचखार, ता. ९ सप्टेंबर १९३७

चि. बाळा यास अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझी घाई मला माहीत होती, पण कागद लगेच करता येईना. मास्तर साक्षीला तयार नव्हते. म्हणाले, "भिकाजीराव, तुम्ही ते पत्र सहाणेवर वाचलंत. मी स्वतः ऐकलंय." त्यांचं खरंच होतं. अख्ख्या गावाने ऐकलेलं. नुसता कागद पाठवून भागलं नसतं. उद्या कोणी चौकशीला आला आणि चिमाने सांगितलं तर?

म्हणून मी आधी गावकी बोलावली. सांगितलं की बाळाने 'काठ्या वाटा' असंच लिहिलं होतं, वाचताना मीच उलटं वाचलं. माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत, चष्मा फुटका, बाजूला ढोल वाजत होते. वाटलं होतं कोणी विश्वास ठेवणार नाही. पण लगेच ठेवला. भंडारवाडीतला एक पोरगा म्हणाला, "म्हाताऱ्याच्या हातात गाव देवन बसलाव, आनि काय होणार?" कोणी त्याला गप्प केलं नाही. दोघातिघांनी तुझी माफी मागितल्यासारखं केलं, की आम्ही उगाच बाळाला नावं ठेवली. मला ते ऐकून बरं वाटलं.

नासिर शेवटपर्यंत बसून राहिला. सगळे गेल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाला, "भिकूभाव, मला वाचता येत नाय, पण ऐकता येतं." एवढंच. तो बाहेर सांगणार नाही. त्याचा शमीम तुझ्याकडे पट्टेवाला होईल की नाही हे त्याने पुन्हा विचारलेलं नाही. पोरगा जहाजावर लागला.

काठी आता माझ्याकडे नाही. गावकीने मागितली, मी दिली. ती कोणाकडे द्यावी हे अजून ठरत नाही, कारण घेऊन करणार काय? निम्मी घरं बंद आहेत. चिमा भावाकडे मुरुडला गेली. जाताना कोंबड्या तुझ्या मामीला देऊन गेली. तुझी मामी आता मंत्रीमामा म्हणत नाही. पाणी तापलं की नुसतं पुढ्यात आणून ठेवते.

दुपारी कधी कधी बांधावर जातो. खारीत आता दोन्ही वेळा भरती येते. बगळे आलेत. मुलं गळ टाकून बसतात, मासे मिळतात. त्यांना ते बरं वाटतं.

कागद सोबत जोडलाय. मजकूर तू सांगितलास तसाच आहे, फक्त 'गावाने' खोडून 'गावकराने' केलंय. गावकीनंतर मास्तरांनी साक्ष घातली, पण मला कागद हातात दिला नाही, ओटीवर ठेवून गेले. तुझं मार्चचं पत्र तुझ्या मामीसमोर चुलीत घातलं. ती म्हणाली, "त्याची अक्षरं लहानपणी बरी होती." ते तू मनावर घेऊ नकोस.

आता दाजीसाहेबांना अडचण राहिली नसेल. मला रोज वेगवेगळं वाटतं. एक दिवस वाटतं तुला नेमलं, दुसऱ्या दिवशी वाटतं कोणी दुसराच नेमला असेल आणि हा कागद नुसताच तिथे पडून राहील. माझ्या नावाचं मला काही नाही. पण तो कशाच्या तरी कामाला आला एवढं कळलं पाहिजे. नेमलं असेल तर तसं लिही, नसेल नेमलं तरी लिही. भिंतीचं नंतर लिहिलंस तरी चालेल. हे पत्र मी कोणाला वाचून दाखवणार नाही. ओटीवर आता ऐकायला कोणी येत नाही. कागद पोचला एवढ्या दोन ओळी तरी लवकर पाठव.

भिकाजीमामा